दोन बोटं डावीकडे

घर येरवड्यात आणि ऑफिसही येरवड्यात, हे सुख पुण्यात फार थोड्या आयटीवाल्यांच्या नशिबी असतं. हिंजवडीला जाणारे मित्र माझ्याकडे ज्या नजरेने बघतात ना, त्या नजरेवर मी आठवडाभर जगतो. शनिवारी सकाळी तर जेल रोडसुद्धा माणसात आलेला असतो. गुंजन चौकात सिग्नल हिरवा असताना चक्क पुढे जाता येतं. अशा सकाळी चहाचा कप घेऊन गॅलरीत बसावं, पेपर चाळावा आणि कॉम्प्युटर या वस्तूचा विचारही करू नये, असा माझा साधारण नियम आहे.

या शनिवारी नियम मोडला. कारण एक बटण दोन बोटं डावीकडे सरकलंय.

सविस्तर सांगतो. दिवसाचे आठ-नऊ तास मी ज्यात कोड लिहितो त्या टूलने गुरुवारी संध्याकाळी कोपऱ्यात एक निळा ठिपका दाखवला. नवीन आवृत्ती तयार आहे, रीस्टार्ट करा. (टूलचं नाव घेत नाही. भांडण एकट्या त्याच्याशी नाही, आणि नाव घेतलं की मूळ मुद्दा बाजूला राहून "आमचं बघा कसं छान" म्हणणारे येतात.) घरी जायची घाई होती. म्हटलं, करून टाकू. दाबलं. शुक्रवारी सकाळी उघडलं तर आपल्याच घरात कुणीतरी रात्री येऊन फर्निचर हलवून गेल्यासारखं वाटलं. चोरीला काहीच गेलेलं नाही, त्यामुळे पोलिसात जायचीही सोय नाही!

नक्की काय काय झालं ते बघा.

एक, रन बटण दोन बोटं डावीकडे गेलं आणि त्याच्या जुन्या जागेवर डिबगचं बटण येऊन बसलं. म्हणजे मी सवयीने दाबतो आणि सगळा लवाजमा घेऊन डिबगर सुरू होतो. तो थांबवा, पुन्हा योग्य जागी दाबा.

दोन, बाजूच्या पट्टीतली अक्षरं गेली. उरली नुसती चित्रं, तीही सगळी एकाच राखाडी रंगाची. एक फांद्या फुटलेलं काहीतरी, एक चार चौकोन, एक परीक्षानळी. कशावर काय आहे हे बघायला प्रत्येकावर माऊस नेऊन क्षणभर थांबायचं.

तीन, टॅब बंद करायची फुली आता माऊस जवळ गेल्यावरच दिसते. लाजाळूच्या उलट.

चार, दोन ओळींमधलं अंतर वाढलं. पूर्वी माझ्या स्क्रीनवर कोडच्या बावन्न ओळी दिसायच्या, आता त्रेचाळीस दिसतात. हो, मोजल्या.

पाच, ज्या शॉर्टकटने गेली कित्येक वर्षं टर्मिनल उघडायचं, त्याने आता एआय मदतनीस उघडतो आणि मी तुमच्यासाठी काय करू असं विचारतो. त्याला मी काय उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही :)

आणि सहा. हे सहावं मी सकाळी पाहिलं, पण मनावर घेतलं नाही. खिडकीच्या अगदी तळाला एक पट्टी असते. आपल्याच मशीनवर काम चालू असलं की ती निळी असायची आणि दूरच्या सर्व्हरला जोडलेले असलो की लालभडक व्हायची. नव्या आवृत्तीत ती दोन्ही वेळेला राखाडी. सर्व्हरचं नाव तेवढं कोपऱ्यात बारीक अक्षरात.

याच्यावर येतो नंतर.

शुक्रवारी रात्री जेवताना मी हे सगळं बायकोला ऐकवलं. ती बँकेत आहे, तिच्या मागे खरोखरीचे प्रश्न असतात. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "एवढंच ना? बटण सरकलं. होईल सवय."

मी म्हटलं, "अगं, समज, तुझ्या मिसळणाच्या डब्यातल्या वाट्या मी रात्री उठून बदलल्या. मोहरीच्या जागी जिरं, हळदीच्या जागी तिखट. डबा तोच, सामान तेवढंच, फक्त जागा बदललेल्या. आणि वर एक चिठ्ठी ठेवली, की मी तुझा फोडणीचा अनुभव अधिक सुटसुटीत केला आहे."

"हात लावून बघ डब्याला," ती म्हणाली.

मुद्दा पोचला.

फोडणी करताना कुणी डब्यात बघत नाही. तेल तापलेलं असतं, डोळे कढईत असतात, हात आपोआप मोहरीवर जातो. लाईट गेल्यावर देवघरातली काडेपेटी अंधारातही सापडते, कारण ती कुठे आहे हे डोक्याला नव्हे तर हाताला माहीत असतं. आमच्या धंद्यातही हेच आहे. कोड लिहिताना डोकं प्रश्नात गुंतलेलं असतं आणि टूल हाताच्या स्वाधीन केलेलं असतं. बटण हललं की हात अडतो, हात अडला की डोकं खाली येतं, "रन कुठे गेलं" हे शोधतं, आणि परत वर जाईपर्यंत मघाशी मनात धरलेल्या चार गोष्टींतल्या दोन सुटलेल्या असतात. बटण शोधायला दोन सेकंद लागतात हे खरं. सुटलेला धागा परत पकडायला किती लागतात, ते अपडेट काढणाऱ्यांच्या तक्त्यात कुठेच येत नाही.

ही कुरकुर नवीन नाही. आपल्यातल्या थोड्या जुन्या लोकांना २०१२ साल आठवत असेल. मायक्रोसॉफ्टने व्हिज्युअल स्टुडिओ २०१२ ची बीटा आवृत्ती काढली आणि त्यातली चित्रं बहुतेक सगळी राखाडी करून टाकली. म्हणणं असं, की लक्ष कोडवर राहावं, बाकीचं मागे पडावं. जगभरचे डेव्हलपर खवळले. मग पुढच्या आवृत्तीत थोडे रंग परत आले, पण त्याच वेळी मेन्यूमधली सगळी नावं इंग्रजी मोठ्या लिपीत आली. फाइल, एडिट, व्ह्यू, सगळे एका ओळीत उभे राहून ओरडल्यासारखे. पुन्हा गदारोळ. शेवटी लोकांनी शोधून काढलं, की विंडोजच्या रजिस्ट्रीत एक नोंद घातली की हे ओरडणं बंद होतं. ती नोंद तेव्हा हातोहात फिरत होती. नंतरच्या आवृत्तीत ती सोय रीतसर सेटिंगमध्ये आली. (आपल्या देवनागरीत मोठी-छोटी लिपी हा प्रकारच नाही, त्यामुळे मराठी मेन्यू असता तर ओरडूच शकला नसता. आपण ओरडायचं काम उद्गारचिन्हावर भागवतो!)

त्यातली मजेची गोष्ट अशी, की मेन्यू मोठ्या अक्षरात आल्याने एकाही प्रोग्रॅममध्ये बग वाढला नाही. काम तेवढंच झालं. तरी इतकी माणसं इतकी का चिडली? मला वाटतं, चिडण्याचं कारण अक्षरं नव्हतीच. "हे माझं हत्यार आहे, आणि मला न विचारता कुणीतरी त्याची मूठ बदलली" ही भावना होती. सुताराचा रंधा कंपनीने रात्रीतून येऊन बदलला असता तर तो काय म्हणाला असता?

आता सहाव्या मुद्द्याकडे येतो. इथून पुढे गंमत नाही.

आमच्या टीममध्ये एक मुलगा आहे, आठ महिन्यांपूर्वी कॉलेजातून आलेला. हुशार आहे, सांगितलेलं ऐकतो, न सांगितलेलंही करतो. सोमवारी आमचा क्लायंटसमोर डेमो आहे. त्यासाठी स्टेजिंग सर्व्हरवर पंधरा दिवस खपून डेटा तयार केलेला. शुक्रवारी दुपारी या मुलाने आपल्या मशीनवरचा टेस्ट डेटा साफ करून नव्याने भरायची स्क्रिप्ट चालवली. दिवसातून तीन-चारदा चालवतो, आम्ही सगळेच चालवतो. फक्त त्या वेळी समोर असलेली खिडकी त्याच्या मशीनची नव्हती, स्टेजिंगची होती.

दोन्ही खिडक्या शेजारी शेजारी उघड्या होत्या. गुरुवारपर्यंत त्यातल्या एकीचा तळ लाल दिसला असता. शुक्रवारी दोन्ही राखाडी.

डेटा गेला. बॅकअप मंगळवारचा होता. तिथपासून पुढचं परत उभं करायला तिघांना रात्रीचे साडेदहा वाजले. मुलगा एक शब्द बोलला नाही, जेवलाही नाही. निघताना एवढंच म्हणाला, "सॉरी सर, माझी चूक झाली. मी बघायला हवं होतं."

असं काही झालं की आमच्याकडे एक रिपोर्ट लिहायचा असतो. काय झालं, का झालं, पुन्हा होऊ नये म्हणून काय करणार. तो मला सोमवारी सकाळी द्यायचाय. रात्री घरी आल्यावर मी कारणाच्या रकान्यात दोन शब्द लिहिले होते: "मानवी चूक". आणि झोपायला गेलो.

झोप लागली नाही. कारण ते दोन शब्द खोटे नाहीत, पण त्यांच्यावर थांबणं खोटं आहे. त्या दोन शब्दांनी सगळ्यांची सोय होते. टूलवाल्यांची होते, माझी होते, कंपनीची होते. फक्त एका बावीस वर्षांच्या पोराची होत नाही, आणि त्याच्या वार्षिक मूल्यमापनाच्या वेळी हे दोन शब्द कुणीतरी नक्की उघडून बघणार.

आता तुमच्यातले अनुभवी लोक म्हणतील, की अहो, स्क्रिप्टने "कुठल्या सर्व्हरवर चालवताय, खात्री आहे का" असं विचारायला नको होतं का? हवं होतं. नव्या मुलाच्या हातात स्टेजिंगचा डेटा पुसायची परवानगी कशाला? नको होती. दोन्ही चुका आमच्या आहेत, खरं म्हणजे माझ्या आहेत, आणि दोन्ही रिपोर्टात जातील. पण आम्ही त्या दोन चुका असतानाही तीन वर्षं सुखाने जगलो ते कशाच्या जोरावर? त्या लाल पट्टीच्या! कुणी तसं कुठे लिहून ठेवलं नव्हतं. विचारलं असतं तर मलाही सांगता आलं नसतं. पण नजरेच्या कडेला लाल दिसलं की हात थबकायचा. आमची सगळी सुरक्षा एका रंगावर उभी होती, हे आम्हाला रंग गेल्यावर कळलं.

गूगलमध्ये काम केलेल्या ह्युरम राइट या इंजिनिअरच्या नावाने एक नियम सांगतात. तुमची वस्तू वापरणारे पुरेसे झाले, की तुम्ही काय कबूल केलंय याला अर्थ उरत नाही. तिच्यात जे जे दिसतं, त्या प्रत्येक गोष्टीवर कुणीतरी विसंबलेलं असतंच. पट्टी लाल करणाऱ्याने ती बहुधा सजावट म्हणून केली असेल आणि राखाडी करणाऱ्याने सजावट म्हणून काढली असेल. मधल्या काळात ती कुणाचा तरी कठडा झाली होती.

मग काय, काही बदलूच नये का? तसंही नाही. उलट बाजूचं एक उदाहरण सांगतो, आपल्या धंद्यातलं सगळ्यात महागडं.

१९७६ साली बेल लॅब्समध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी मेक नावाचं टूल लिहिलं. त्याच्या फाइलमध्ये आज्ञेची ओळ टॅबनेच सुरू झाली पाहिजे, स्पेस चालत नाही, असा नियम होऊन बसला. डोळ्यांना टॅब आणि स्पेस सारखेच दिसतात, त्यामुळे हा नियम म्हणजे खड्डा. फेल्डमन यांच्या ते लक्षातही आलं होतं. पण तोवर डझनभर लोक मेक वापरायला लागले होते आणि त्यांची घडी विस्कटू नये म्हणून त्यांनी बदल केला नाही. डझनभर! त्यानंतर जगातल्या लाखो लोकांनी त्या टॅबपायी केस उपटले असतील, मी त्यातला एक. ग्नू मेकने टॅबऐवजी दुसरं चिन्ह ठरवायची सोय दिली ती २०१० मध्ये, ३४ वर्षांनी.

तेव्हा न बदलण्याचीही किंमत असते. प्रश्न आहे तो काय बदलायचं आणि काय हाताच्या स्वाधीन राहू द्यायचं, याचा. आणि याचं मला माहीत असलेलं सगळ्यात सुंदर उत्तर माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर सापडतं.

येरवडा जेलवरून आपण रोज जातो. बहुतेकांना एवढं ठाऊक असतं, की गांधीजी इथे होते आणि पुणे करार २४ सप्टेंबर १९३२ ला इथे झाला. पण याच तुरुंगात एका हत्याराची नवी आवृत्तीही निघाली होती. तिचं नाव येरवडा चरखा. जुना चरखा म्हणजे मोठं उभं चाक, खोलीचा कोपरा अडवणारा, प्रवासात न्यायची पंचाईत. १९३० च्या सुमारास इथे कैदेत असताना गांधीजींनी पेटीच्या चरख्यावर बरंच काम केलं. लहान-मोठी दोन चाकं आडवी बसवलेली, एका चाकाची गती दुसरीकडून वाढत चातीपर्यंत जाते, आणि काम झालं की सगळं मिटून पेटीत. हातात धरून निघायचं, ब्रीफकेससारखं. आजच्या भाषेत पोर्टेबल आवृत्ती.

आता बघा. उभ्याचं आडवं झालं, एका चाकाची दोन झाली, चरख्याची पेटी झाली. दिसायला काहीच पूर्वीसारखं राहिलं नाही. पण कातणाऱ्याच्या दोन हातांकडे बघा. उजव्या हाताने चाक फिरवायचं, डाव्या हातात पेळू धरून धागा ओढायचा. आधीही तेच, नंतरही तेच. ज्याला जुन्यावर सूत काढता येत होतं त्याला नव्या पेटीसमोर पुन्हा पहिलीत बसावं लागलं नाही. सगळं बदललं आणि हात जिथे होते तिथेच ठेवले.

याच काळातली आणखी एक गोष्ट आहे. १९२९ साली अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं होतं. १९२९ चे एक लाख! त्याच्या अटी मी प्रथम वाचल्या तेव्हा थक्क झालो होतो, कारण मी कामात वाचलेल्या बहुतेक रिक्वायरमेंट डॉक्युमेंटांपेक्षा त्या चांगल्या होत्या. यंत्र हलकं हवं, खेड्यातल्या झोपडीत हाताने किंवा पायाने चालवता यायला हवं. एका बाईला ते सलग ८ तास फार श्रम न होता चालवता यायला हवं. तेवढ्यात १६,००० फूट सूत निघायला हवं, म्हणजे जवळजवळ ५ किलोमीटर. किंमत १५० रुपयांच्या आत. वेळच्या वेळी देखभाल केली तर २० वर्षं चालायला हवं आणि वर्षाची दुरुस्ती किमतीच्या ५ टक्क्यांवर जाता कामा नये.

बक्षीस कुणालाच मिळालं नाही. पण अटीतला तो शब्द बघा: फार श्रम न होता. आठ तास. जो माणूस दिवसभर त्या यंत्रापुढे बसणार आहे त्याचा थकवा तिथे अटीत लिहिलेला आहे, उत्पादनाच्या आकड्याच्या शेजारी. मी आजवर कितीतरी रिलीज नोट्स वाचल्या. "स्वच्छ", "आधुनिक", "सुसंगत" हे शब्द शेकड्यांनी सापडतील. "या बदलामुळे आठ तास काम करणाऱ्या माणसाचा हात कमी दुखेल" असं वाक्य मला तरी अजून भेटलेलं नाही.

इथपर्यंत लिहून मला बरं वाटायला लागलं होतं. दुसऱ्यांना शिव्या देताना वाटतं तसं. मग एक फोन आठवला.

सहा-सात वर्षांपूर्वी आम्ही घाऊक व्यापाऱ्यांसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर करायचो. एका आवृत्तीत मी बिलाच्या प्रत्येक ओळीत "सूट" नावाचा रकाना घातला, बरोबर नगांची संख्या आणि पुढची ओळ यांच्या मध्ये. स्क्रीन छान दिसायला लागला. चार दिवसांनी इचलकरंजीहून एका बाईंचा फोन आला. त्या तिथे बिलं करायच्या.

"सर, नवीन लई भारी दिसतंय बघा. पण आमच्याकडं सूट कुणालाच देत न्हाईत. आता परत्येक ओळीला एक एन्टर जास्तीचं मारायला लागतंय."

मी म्हटलं, "एकच तर आहे मॅडम. होईल सवय."

"एकच हाय, पण दिवसाला तीनशे बिलं असत्यात सर," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. उगाच साहेबाला त्रास दिला असा सूर होता.

तीनशे बिलं, एका बिलात सरासरी आठ ओळी धरल्या तरी रोजचे चोवीसशे जास्तीचे एन्टर. हा हिशेब मी आज केला. त्या दिवशी केला नाही. त्या दिवशी मी तक्रारीवर "डिझाइनप्रमाणेच चालते आहे" असं लिहून ती बंद केली आणि जेवायला गेलो.

म्हणजे माझं रन बटण दोन बोटं सरकवणारा जो कुणी आहे, तो राक्षस वगैरे नाही. तो मीच आहे, सहा वर्षांपूर्वीचा. त्यालाही स्क्रीन सुंदर करायचा होता. त्याच्याही मॅनेजरला दर तिमाहीत काहीतरी "दिसणारं" हवं असतं, कारण आत सुधारलेलं कुणाला दिसत नाही आणि हललेलं बटण लगेच दिसतं. त्यालाही आठ तास बसणारी माणसं कधी भेटलेली नाहीत. भेटली असती तर मी जे बाईंना म्हणालो तेच तो मला म्हणाला असता.

बरं, हे नीट करता येत नाही असंही नाही. टॅलीचंच बघा. नोव्हेंबर २०२० मध्ये त्यांनी टॅली प्राइम आणलं. रूप पार पालटलं. पण एफ-४ पासून एफ-९ पर्यंतच्या ज्या कळांवर देशभरच्या अकाउंटंटांची बोटं वर्षानुवर्षं नाचत आली, पेमेंट एफ-५, रिसीट एफ-६, सेल्स एफ-८, त्या जिथल्या तिथे ठेवल्या. जेटब्रेन्सने इंटेलिजेचं नवं रूप २०२२ मध्ये आधी हौशी लोकांना वापरायला दिलं, सगळ्यांसाठी ते ठरलेलं रूप केलं ते २०२४ मध्ये, आणि तेव्हाही ज्यांना जुनंच हवं त्यांच्यासाठी ते वेगळ्या प्लगइनमध्ये शिल्लक ठेवलं. सगळे खूश झाले का? नाही. डेव्हलपर कधी खूश होत नाहीत, ही आपली जात आहे. पण परतीचा रस्ता होता, आणि परतीचा रस्ता असला की माणूस पुढे जायला तयार होतो.

मला विचाराल तर टूल बनवणाऱ्यांकडून, म्हणजे आपल्या सगळ्यांकडूनच, तीन साध्या गोष्टी हव्यात. हाताच्या सवयीतली गोष्ट हलवायची असेल तर ती फक्त नव्याने आलेल्याला नव्या जागी दाखवा, जुन्याला एकदा विचारा. जुन्या जागी दुसरं काही आणून बसवू नका, निदान काही महिने ती जागा मोकळी सोडा, म्हणजे हात चुकला तर काहीच होणार नाही, भलतं होणार नाही. आणि धोका दाखवणारी गोष्ट, मग ती रंग असो की शब्द, सौंदर्यासाठी काढू नका. वाढवायची तर जरूर वाढवा. खरं तर आमची लाल पट्टी ही अर्धीच सोय होती. ज्याला लाल-हिरव्यातला फरक कळत नाही त्याला आणि जो पडदा कानाने वाचतो त्याला तिचा काय उपयोग? रंगाबरोबर ठळक शब्दही हवा होता. सुधारणा करायचीच होती तर ही करायची!

असो. शनिवारचे किती तास मी यात घातले ते बायकोला कळू नये अशी इच्छा आहे.

दुपारी बसून मी तीन कामं केली. पहिलं, सेटिंगच्या जंगलात पाऊण तास फिरून तळाच्या पट्टीचा रंग परत लाल करायची जागा शोधली. नव्या आवृत्तीत ती सोय आहे, फक्त कुणाला सापडू नये अशा ठिकाणी. ती आमच्या प्रोजेक्टच्या सामायिक फाइलमध्ये टाकली, म्हणजे सोमवारी सगळ्यांची पट्टी आपोआप लाल होईल. दुसरं, स्क्रिप्टला पहिल्याच ओळीत विचारायला लावलं, की कुठल्या सर्व्हरवर चालवताय त्याचं नाव पूर्ण टाइप करा. अर्ध्या तासाचं काम. तीन वर्षं टाळलं होतं.

तिसरं, रिपोर्ट उघडला आणि कारणाच्या रकान्यातले ते दोन शब्द पुसले. त्या जागी लिहिलं: धोक्याची एकमेव खूण एका रंगावर अवलंबून होती, तो रंग अपडेटमध्ये गेला. दुसरा अडथळा नव्हता. तो उभा करण्याची जबाबदारी माझी होती. खाली माझं नाव घातलं.

मग त्या मुलाला मेसेज केला, की सोमवारी डेमो तूच द्यायचास. दहा मिनिटं काही उत्तर नाही. मग आलं, "ओके सर." आणि लगेच दुसरा, "सर, ते रन बटण तुमचं पण चुकतंय का?"

म्हटलं, हो रे बाबा. सगळ्यांचंच.